चुलवाणाशेजारची निळी बाटली

शिरोळकडं जाणाऱ्या रस्त्यावर यंदाही गुऱ्हाळं सुरू झाली. गाडीची काच बंद असली तरी तो वास आत येतोच. उसाचा रस आटत आला की त्याला एक जळकट गोडी सुटते. ती कपड्यांत बसते आणि थिएटरमध्ये हिरवा गाऊन चढवल्यावरही केसांतून जात नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. जिथून बोलावणं येईल त्या दवाखान्यात जाते, माणसं झोपवते, उठवते आणि पुढच्या दवाखान्याला निघते. बरी झालेली माणसं सर्जनच्या पाया पडतात आणि मला विचारतात, ‘तुम्ही कोण?’ मला त्याचं वाईट वाटत नाही. मी कुणाच्या लक्षात राहिले नाही, याचा अर्थ सगळं नीट पार पडलं.

यंदा हंगामाच्या तोंडावरच माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. सुहासचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज आहे. त्याच्या पित्ताशयात खडे निघाले होते. सर्जन ठरला होता, दवाखाना ठरला होता. त्याला फक्त एवढंच सांगायचं होतं की भूल मी द्यायची.

"सख्ख्या माणसाला मी भूल देत नाही. माहीत आहे तुला," मी म्हणाले.

"दुसऱ्या कुनाच्या हातनं मी झोपनार न्हाय, अक्का. माझी बाटली तूच उघडायचीस, हे ठरलंय की आपलं."

आणि त्यानं फोन ठेवला. सुहासला नेहमी शेवटचा शब्द आपला लागतो, म्हणून तो फोन आधी ठेवतो.

घरच्यांना भूल न देण्याचा माझा नियम जुना आहे. त्यात भाबडेपणा नाही. परका माणूस टेबलावर असला की माझे डोळे मॉनिटरवर असतात, कान त्याच्या नाडीच्या आवाजावर आणि हात श्वासाच्या पिशवीवर. आपलं माणूस असलं की डोळे त्याच्या तोंडाकडं जातात. तोंडाकडं बघून भूल देता येत नाही. बुद्धी जरा लांब उभी असावी लागते, एखाद्या लग्नात नवरीकडचा की नवऱ्याकडचा हे कुणाला न कळणारा पाहुणा उभा असतो तशी. माझा सगळा धंदा त्या अंतरावर चालतो. ते अंतर एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात, अगदी नाहीसं झालं होतं, आणि त्याला साक्षीदार हा सुहासच होता. ‘बाटली’ म्हणून तो जे म्हणाला ते त्या हिवाळ्यातलं.

त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला तो आला आणि चकली तोंडात असतानाच म्हणाला, "अक्का, तुझ्या दवाखान्यातली एक निळी बाटली दे की."

"कशाला?"

"गाडीला."

"गाडीला भूल द्यायची आहे?"

तो हसला नाही. गाड्यांच्या बाबतीत त्याला विनोद चालत नाही. बेसनाचा लाडू त्यानं बशीत मधोमध ठेवला आणि हा पिस्टन म्हणून सांगितलं. इंजिनात पेट्रोल जळतं ते हवेतल्या ऑक्सिजनवर. हवा आत जाईल तेवढंच जळणार. पण त्यात त्या निळ्या बाटलीतलं नायट्रस ऑक्साइड सोडलं, की आतल्या उष्णतेनं ते फुटतं, ऑक्सिजन मोकळा होतो, जास्त पेट्रोल जळतं आणि गाडीला मागनं कुणीतरी लाथ घातल्यासारखा जोर येतो. नायट्रस स्वतः जळत नाही, बाकीच्याला जळायला लावतं. हे सगळं मला माहीत होतं. आम्हाला शिकवताना त्याची दुसरी बाजू शिकवतात, की थिएटरमध्ये नायट्रस चालू असताना ठिणगीला जागा देऊ नका.

मी जन्मभर ज्या वायूनं माणसांना संथ करत आले, त्याच वायूनं माझा भाऊ गाडी पळवणार होता. मला ते गमतीचं वाटलं. बाटली द्यायला मात्र मी साफ नकार दिला. दवाखान्यातली बाटली रुग्णाची असते. शिवाय तिचं तोंड वेगळं, गाडीच्या पाइपचं तोंड वेगळं, आणि ती दोन जुळवायला उद्यमनगरात लेथवर काहीतरी कातून बसवणार, हे मला दिसत होतं. त्या भागातल्या माणसांना कातून बसवता येत नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे. म्हणूनच मला भीती वाटली.

"हे करायचं तर रीतसर कर," मी म्हणाले. "गाडीसाठी बनवलेला पूर्ण संच आण. आणि रस्त्यावर चालवणार असलास तर माझ्या घराची पायरी चढू नकोस."

"रस्त्यावर कोन येडा चालवंल? धावपट्टीवर शर्यत हाय." शिरोळच्या पुढं कुणाच्या तरी खासगी जागेत एक जुनी धावपट्टी होती. तिथं थंडीत हौशी लोक दोन-दोन गाड्या सरळ रेषेत पळवायचे. आडवंतिडवं कुणी येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना दोर बांधलेले असायचे आणि रुग्णवाहिका उभी असायची. ती रुग्णवाहिका आहे हे ऐकून मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं जरा विचित्रही वाटलं.

पुण्याच्या एका मित्राकरवी संच आला. मी सहज म्हणून बघायला गेले आणि मग आठवड्यातून दोनदा जायला लागले. उद्यमनगरातला हिवाळा मला तेव्हा प्रथम कळला. सकाळी शटर वर जायची, लेथची पाती लोखंडाला लागायची, आणि कोवळ्या उन्हात लोखंडाचा कीस चांदीसारखा दिसायचा. गॅरेजच्या कोपऱ्यात सुहासनं गेल्या वर्षीचा एक पिस्टन जपून ठेवला होता. मित्राच्या गाडीतला. नायट्रस गेलं, पण त्याबरोबरीनं जायला हवं होतं तेवढं पेट्रोल गेलं नाही. आतली आग भलतीच तापली आणि पिस्टनचा माथा वितळला. गुळाची ढेप उंदरानं कुरतडावी तसा तो दिसत होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात सुहास तो पिस्टन द्यायचा आणि काही न बोलता परत घ्यायचा.

मला त्याच्या गाडीत माझंच थिएटर दिसायला लागलं. आमच्या मशीनला अशी सोय असते की ऑक्सिजनचा दाब पडला तर नायट्रस आपोआप बंद व्हावं. नुसतं नायट्रस रुग्णाच्या छातीत गेलं तर तो जागच्या जागी गुदमरेल. सुहासच्या गाडीत पेट्रोलचा दाब पडला तर नायट्रस बंद करणारा स्विच होता. एक स्विच असा होता की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय वायू सुटू नये. एक असा, की इंजिन ठरावीक फिरतीवर आल्याशिवाय सुटू नये, आणि फार वर गेलं तर थांबावा. ठिणगी जरा उशिरानं पडेल अशी सोय त्यानं केली होती, प्लग थंड जातीचे घातले होते. वायूची तोटी त्यानं सगळ्यांत बारीक निवडली. ‘पहिल्यांदा थोडं द्यायचं, पचलं तर वाढवायचं,’ असं तो म्हणाला तेव्हा मला माझे प्राध्यापक आठवले. बाटली डिकीत दोन पट्ट्यांनी आवळलेली होती, आणि दाब फार वाढला तर फुटायची जी पातळ चकती असते, तिच्यापासून एक नळी थेट गाडीच्या बाहेर काढली होती.

"ही नळी कशाला?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"न्हाईतर चकती फुटल्यावर सगळा वायू गाडीत भरनार. म्हंजे मी शर्यत सोडून तुझा पेशंट."

एक गोष्ट मात्र मी त्याला शिकवली. नायट्रसच्या बाटलीवरच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. आत द्रव असतो. तो निम्मा संपला तरी वरचा दाब तेवढाच राहतो आणि काटा ‘भरलंय भरलंय’ म्हणत राहतो. बाटली किती भरली आहे हे बघायचं तर वजन करायचं. काटा सांगतो तो फक्त दाब, आणि दाब चालतो हवामानावर. थंडीत पडतो, उन्हात भसकन चढतो. ‘वजन’ ही गोष्ट सुहासला एवढी पटली की त्यानं ती सगळ्या मित्रांना सांगितली, आणि अक्काकडनं शिकलो असंही सांगितलं. त्या हिवाळ्यात उद्यमनगरात मला थोडा मान होता.

दुसरी गोष्ट, बाटली हळू उघडायची. चावी झटक्यात फिरवली की वायू पाइपात आदळतो, तिथं अचानक उष्णता तयार होते, आणि त्या वायूत उष्णता आणि तेलाचा डाग एकत्र आले की काय होईल सांगता येत नाही. त्यामुळं हातही तेलकट नकोत. गॅरेजवाल्याला हात तेलकट नकोत म्हणून सांगणं म्हणजे मासळीबाजारात अत्तर विकणं. पण सुहास खरोखर साबणानं हात धुऊन यायचा आणि मला तळवे उलटसुलट करून दाखवायचा.

चाचणीच्या दिवशी आम्ही पहाटेच धावपट्टीवर गेलो. थंडी कडक होती. उसाच्या शेतांवर धुकं बसलेलं, गाडीच्या टपावर दव. सुहासनं गाडी पळवली ती साधीच पळाली, वायूचा जोर काही लागला नाही. बाटलीवरचा काटा खाली झोपला होता. बाटली विजेवर गरम करणारा पट्टा पुण्याहून अजून यायचा होता, त्यामुळं ऊन वर येईपर्यंत थांबणं एवढंच हातात होतं.

धावपट्टीच्या शेजारीच आमच्या तात्यांचं गुऱ्हाळ. तात्या म्हणजे आमचे चुलते. थंडीच्या दिवसांत त्या भागात गेलेला माणूस त्यांच्याकडं टेकल्याशिवाय पुढं जात नाही. आम्ही गेलो तेव्हा काहील रसरसत होती. गुऱ्हाळात जमिनीत खोदलेली मोठी भट्टी असते, तिला चुलवाण म्हणतात. वर काहील, म्हणजे परातीसारखी भलीमोठी लोखंडी कढई, आणि खाली वाळलेली चिपाडं सारून पेटवलेली आग. काहिलीजवळ गुळव्या इराप्पा उभे होते. गुळव्या म्हणजे गूळ करणारा कारागीर, आणि इराप्पा दर हंगामाला सीमेपलीकडून यायचे. रस आटून गूळ होतो ती वेळ चुकली की सगळं आधण, म्हणजे काहिलीतला सगळा रस, वाया जातं, म्हणून शेवटच्या उकळ्यांत गुळव्याशी कुणी बोलत नाही. तो पाण्यात थेंब सोडतो, बोटांनी गोळी करतो आणि बघतो. तेव्हा त्याला हाक मारली तरी ऐकू जात नाही.

"काय रं, गाडी वडंना व्हय?" तात्यांनी विचारलं.

"थंडीनं बाटली गार पडलीया, तात्या. दाबच न्हाय. ऊन येऊ दे जरा," सुहास म्हणाला.

वेळ होता म्हणून आम्ही बाटली डिकीतून काढली आणि ढेपा तोलायच्या काट्यावर ठेवून वजन केली. भरलेली होती. गूळ तोलायच्या काट्यावर निळी बाटली बघून तिथल्या सगळ्यांना मौज वाटली. सुहासनं ती भिंतीला टेकवून उभी केली आणि आम्ही दोघं गाडीचे प्लग काढून बघायला बाहेर गेलो. चहा तिथंच आला. मी बंपरवर बसून पीत होते. धुक्यातून सूर्य वर यायला लागला होता, आणि मला त्या क्षणी अगदी मजेत वाटत होतं.

आता गुऱ्हाळाची एक रीत सांगायला हवी. थंडीत तिथं जे काही गार येईल त्याला चुलवाणाशेजारी जागा मिळते. रताळी, मक्याची कणसं, दवानं भिजलेल्या चपला, लहान पोराचं दूध, बाळंतिणीची दुपटी. पावणा आला तरी त्याला आधी तिथंच बसवतात, मग नाव-गाव विचारतात. चुलवाणाची ऊब आहे आणि ती कुणाला दिली नाही, हे त्यांच्या मनात येऊच शकत नाही. तात्यांनी ऐकलं की पोराची बाटली गार पडली. त्यांनी ती उचलली आणि चुलवाणाच्या तोंडाशेजारी, रताळ्यांच्या ओळीत, नीट उभी केली.

आम्ही आत आलो तेव्हा मला आधी रताळी दिसली. मग निळा रंग दिसला. काटा लाल पट्टी ओलांडून शेवटाला जाऊन टेकला होता.

"तात्या, बाहेर! सगळे बाहेर निघा!" मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. चिपाडं सारणारा गडी खड्ड्यातून उडी मारून पळाला. तात्या गोंधळले, पण माझं तोंड बघून बाहेर आले. इराप्पा हलले नाहीत. त्यांच्या एका हातात पाण्याची वाटी होती आणि ते थेंबाकडं बघत होते.

"इराप्पा, सोडा ती काहील!"

"दोन उकळ्या राहिल्यात री," ते मान वर न करता म्हणाले. "सोडली तर आधण गेलं."

मी सुहासचा शर्ट धरला होता. तो माझ्या हातात राहील एवढा घट्ट धरला होता, असं मला अजून वाटतं. पण तो निसटला आणि आत गेला.

मग चकती फुटली. फुटायचा आवाज फार मोठा नव्हता. त्यामागून आला तो आवाज मोठा होता, हजार सापांनी एकदम फुत्कार टाकावा तसा. बाटलीतून पांढरा ढग सुटला आणि गुऱ्हाळ त्यात नाहीसं झालं. त्याच क्षणी चुलवाणानं तो वायू आत ओढला. लाडू बशीत ठेवून सुहासनं मला जे सांगितलं होतं, ते मला त्या आगीनं प्रत्यक्ष दाखवलं. मघाची लाल-पिवळी आग पांढरी झाली, गरजली, आणि वरची काहील एकदम उसळून काठाबाहेर आली. जळक्या साखरेचा वास पसरला. पांढऱ्या ढगात माझा भाऊ होता आणि मला तो दिसत नव्हता.

मी रोज माणसांचे श्वास बघते. छाती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. त्या वेळी मी गुऱ्हाळाच्या दाराबाहेर उभी होते आणि माझ्यापुढं बघायला काहीच नव्हतं. मला फार भीती वाटली. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही. लांब उभं राहायची माझी जी सवय होती, तिचा तिथं मागमूस नव्हता.

ढग विरला तशी दोन माणसं बाहेर आली. सुहासनं इराप्पांना मागून कमरेला धरलं होतं आणि जवळजवळ उचलून आणलं होतं. इराप्पांच्या हातात वाटी तशीच होती. त्यांना काही झालं नव्हतं आणि ते संतापले होते.

"दोन उकळ्या राहिल्या होत्या!" ते सुहासला म्हणाले. मग त्यांचं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडं गेलं आणि त्यांनी वाटी खाली ठेवली.

तो तळवा पांढराफटक पडला होता, मेणाचा असावा तसा. बाटली वायू ओकत होती तेव्हा सुहासनं ती हातानं ढकलून चुलवाणाच्या तोंडापासून लांब सारली होती. वायू एवढ्या वेगानं बाहेर पडताना बाटलीचं तोंड बर्फाहून गार होतं. माझा भाऊ पेटलेल्या भट्टीच्या शेजारी उभा राहून गारठ्यानं भाजला होता. मी त्याचा हात धरला आणि कोमट पाणी मागितलं.

"आरं, हात गार पडलाय पोराचा," तात्या कासावीस होऊन म्हणाले. "चुलवाणाला शेक दे की जरा!"

"तात्या!" मी इतक्या जोरात ओरडले की ते मागच्या बाजेवर बसले. मग मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, आणि माझ्या आयुष्यात रुग्णासमोर मी रडले ती तेवढीच वेळ.

तात्या दिवसभर त्या बाजेवरून उठले नाहीत. "पोरगं पाटंपासनं खोळंबलंय, ऊन यायला टाइम हाय, म्हनून शेकाय ठिवली," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांना रागवायला माझ्याकडं काही नव्हतं. नियमांतले सगळे स्विच आम्ही बसवले होते. बाटली आगीजवळ नेऊ नये, कडक उन्हात ठेवू नये, हेही आम्हाला पाठ होतं. फक्त माया करणाऱ्या माणसाच्या हाती ती पडू नये, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. त्याला स्विच नाही. त्याला एकच उपाय, बाटली नजरेआड होऊ द्यायची नाही, आणि ज्यांच्यामध्ये ती ठेवतोय त्यांना ती काय आहे ते सांगायचं. आम्ही तिचं वजन करून सगळ्यांना हसवलं, पण ती काय आहे ते सांगितलं नाही.

सुहासचा हात भरून यायला पुढचे आठवडे गेले. शर्यत हंगामाच्या शेवटाला होती. मला वाटलं होतं तो नाद सोडेल, पण कोल्हापूरच्या माणसानं नाद सोडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. त्यानं नवी बाटली आणली, गरम करायचा पट्टा आला, त्याला दाब वाढला की आपोआप बंद होणारं बटण होतं. आणि त्यानं एक नवा नियम काढला. बाटली फक्त अक्कानं उघडायची. शर्यतीच्या दिवशी मी डिकीशी वाकून काटा बघितला, नळी बघितली, पट्ट्या ओढून बघितल्या, हात पुसले आणि चावी हळू, अगदी हळू फिरवली.

"हळू उघड," तो पुढच्या सीटवरून म्हणाला, मला शिकवल्यासारखं.

मग मी दोराच्या बाहेर जाऊन उभी राहिले. दिवा हिरवा झाला, गाड्या सुटल्या, आणि मध्यावर कुठंतरी त्याच्या गाडीचा आवाज बदलला. पोटातून एक खोल सूर यावा तसा. तो वायू लांब श्वास घेऊन सोडावा एवढाच वेळ चालला. सुहास दुसरा आला. शेजारची गाडी त्याच्यापेक्षा चांगली होती, त्यात वाद नाही. परत आल्यावर मी बाटली बंद केली, पाइपातला उरलेला वायू सोडला, आणि तात्यांकडून आलेली काकवी आम्ही भाकरीबरोबर खाल्ली. ती इराप्पांनी पाठवली होती. त्यांनी तशी दर वर्षी पाठवली.

आता ते धावपट्टीवरचं बंद आहे. सुहासच्या गाडीतला संच त्यानं कधीच काढून ठेवला. माझ्या कामातही नायट्रस मागे पडलं. औषधं बदलली, आम्ही हल्ली ऑक्सिजन आणि साधी हवा देतो. निळी बाटली एखाद्या जुन्या थिएटरच्या कोपऱ्यात दिसते, साखळीनं बांधलेली. साखळी दिसली की मला अजून बरं वाटतं.

ऑपरेशनच्या सकाळी मी माझा नियम मोडला. कुणी फार समजावलं म्हणून नाही. फोन ठेवल्यावर मी विचार केला की दुसरा कुणी आत असेल आणि मी थिएटरच्या दाराबाहेर उभी असेन, आत काय चाललंय ते न दिसता. ते मी एकदा केलं होतं. त्यापेक्षा त्याच्या तोंडाकडं बघत भूल द्यायला लागली तरी चालेल, असं मी ठरवलं.

बाहेरच्या बाकावर तात्या बसले होते. आता ते फार थकलेत. मला बघून ते उठायला लागले.

"आत लई गार असतंय म्हनं," ते म्हणाले. "पोराला शेकाय काय द्यावं का?"

"नको तात्या," मी म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आत सुहास टेबलावर पडला होता आणि छताकडं बघत होता. त्याला मशीनमध्ये रस होता, पण ते डोक्यामागं होतं, तिकडं मान वळत नव्हती. मी सुई टोचायला त्याचा उजवा हात घेतला. तळवा उघडला तेव्हा तिथला जुना व्रण दिसला, कातडी तेवढ्या जागी गुळगुळीत आणि फिकी.

"वजन केलंस न्हवं बाटलीचं?" त्यानं विचारलं.

"नायट्रस नाही देत रे आता. ऑक्सिजन आहे. सगळं तपासलंय."

"दोनदा?"

"दोनदा."

मग मला कळलं की तो घाबरलाय. धावपट्टीवर, चुलवाणाशी, कुठंच मी त्याला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. माझे डोळे मॉनिटरवर जायला हवे होते. ते त्याच्या तोंडावरच राहिले, आणि तरीही माझे हात जे करायचं ते करत होते.

मी मुखवटा त्याच्या नाकातोंडावर धरला आणि ऑक्सिजनच्या चावीकडं हात नेला.

"अक्का," तो आतून म्हणाला, "हळू उघड."

मी हळू उघडलं. मुखवट्याच्या आत पांढरी वाफ धरली आणि विरली, म्हणजे त्यानं श्वास घेतला होता. मग मी घेतला.